एमटीबीची चाकं ट्यूबलेस करताना: पुण्यातल्या एका सायकलचं प्रकरण

पार्श्वभूमी

नावं देत नाही, ना मित्राचं ना दुकानाचं, त्याची गरजही नाही. मित्र कोथरूडला राहतो, वय चाळिशीच्या आसपास, वजन ७८ किलो (हे पुढे हवेच्या आकड्यांसाठी लागणारे म्हणून सांगितलं). सायकल हार्डटेल एमटीबी म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक, २९ इंची चाकं, लॉकडाऊनच्या काळात सगळे सायकली घेत होते तेव्हा घेतलेली. टायर कंपनीकडून आले तेच, २९ x २.२५, तारेच्या कडेचे म्हणजे वायर बीड. रिम अ‍ॅल्युमिनियमची, डबल वॉल. व्हॉल्व्ह मोटरसायकलला असतो तसा जाडा, श्रेडर.

फिरणं म्हणाल तर आठवड्यात मधेअधे सकाळी पौड रोडवरून एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडचा चढ चढून वेताळ टेकडी, देवळापर्यंत जाऊन खाणीच्या बाजूने परत, आणि रविवारी खडकवासला-डोणजे नाहीतर बोपदेव घाट आणि त्याच्या पलीकडचे कच्चे रस्ते. आपल्याकडच्या टेकड्यांची जमीन कशी आहे हे माहितीच आहे सगळ्यांना, वर मुरूम, खाली काळा कातळ आणि जिथे तिथे बाभळी-बोरी. पावसाळ्यात काटा ओला असतो, गवतात दबून असतो. दिवाळीनंतर गवत वाळलं की तोच काटा टणक होऊन वाटेवर येतो, आणि तो चपलेच्या तळातून आरपार जातो तर सायकलच्या टायरची काय कथा.

अडचण नेमकी काय होती

पंक्चर होतंय एवढंच मित्र सांगायचा. पण आम्ही जुन्या ट्यूबा काढून नीट बघितल्या तेव्हा लक्षात आलं की पंक्चर दोन जातीचे आहेत, आणि हे वेगळं करून बघणं फार महत्त्वाचं ठरलं, कारण उपाय त्यावरच ठरतो.

पहिली जात काट्याची. ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला बारीक टोचा, कधी एकाच काट्याचे दोन-तीन, कारण काट्याचं टोक टायरमध्ये तसंच राहिलेलं आणि नवीन ट्यूब टाकली की तीही गेली. दुसरी जात म्हणजे शेजारी शेजारी दोन चिरा, साप चावल्यासारख्या. टायर दगडावर आपटून ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चेंगरली की असं होतं, आणि ते होतं हवा कमी असताना. आता टेकडीवर मित्र मुद्दाम हवा कमी ठेवायचा कारण ३५-४० पीएसआयला सायकल कातळावर नुसती उड्या मारते, पकड राहत नाही, मनगटं दुखतात. हवा कमी केली की चिरा, हवा वाढवली की पकड गेली, आणि काटे दोन्हीकडे आहेतच. खरा पेच हा होता. नुसते काटेच असते तर प्रकरण स्वस्तात मिटलं असतं.

शेवटी त्याने एकट्याने टेकडीवर जाणं सोडलं, कोणीतरी सोबत असेल तरच जायचा. इतकं चांगलं ठिकाण घरापासून एवढ्या जवळ असून माणूस पंक्चरच्या धाकाने जात नाही हे मला फार लागलं, म्हणून मी यात पडलो.

पर्याय काय काय होते

सगळ्यात सोपा म्हणजे जाड ट्यूब आणि टायरच्या आतून बसणारी काटारोधक पट्टी. काट्यावर चालते पण चाक जड होतं, पट्टीची कड ट्यूबला घासून वेगळीच पंक्चर होऊ शकते, आणि चिरांवर याचा काही उपयोग नाही.

दुसरा, आहे त्याच ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे पंक्चरचं भोक आतून आपोआप बुजवणारं पातळ द्रव. मित्राच्या सायकलला हे सहज जमण्यासारखं होतं कारण श्रेडर व्हॉल्व्हची पिन काढता येते, पिन काढायची, सीलंट ओतायचं, पिन लावायची. शहरात कामावर सायकलने जाणाऱ्याला मी आजही हेच सांगेन. पण इथेही तेच, चिर दोन बाजूंनी फाटते आणि सीलंट तिथे कमी पडतं. शिवाय हवा कमी ठेवता येत नाही ती नाहीच.

तिसरा देशी जुगाड, म्हणजे लहान मापाची ट्यूब रिमवर ताणून बसवायची, मधोमध उभी कापायची, वरून टायर चढवायचा आणि बाहेर आलेला रबर कापून टाकायचा. ज्या रिममध्ये टायर नीट धरत नाही तिथे हे चालतं, ट्यूबचा रबर फटी भरतो. पण टायर बदलला की सगळं परत, आणि वाटेत टायर उघडावा लागला तर हाल.

चौथा म्हणजे रीतसर. असलेल्या रिमवर टेप, ट्यूबलेस व्हॉल्व्ह, ट्यूबलेस रेडी टायर आणि सीलंट. पाचवा, चाकंच नवीन घ्यायची, जे सायकलच्या किमतीच्या मानाने फार होत होतं म्हणून लगेच बाजूला पडलं.

चौथ्यावर एकमत झालं, फक्त एक प्रश्न होता की रिमवर 'ट्यूबलेस रेडी' असं कुठे लिहिलेलं नव्हतं. याचं महत्त्व थोडं सांगतो. १९९९ च्या सुमारास माव्हिक, मिशलां आणि हचिन्सन या कंपन्यांनी ट्यूबलेसची यूएसटी नावाची पद्धत आणली तेव्हा रिमच वेगळी होती, आतल्या तळाला स्पोकची भोकंच नव्हती, त्यामुळे टेपचा प्रश्नच नव्हता. नंतर टेप आणि सीलंटची पद्धत रुळली आणि साध्या भोकाच्या रिमसुद्धा हवाबंद करता यायला लागल्या. पण टेप लावून फक्त भोकं बुजतात. टायरची कड जिथे बसते तो रिमचा आतला ओटा आणि त्याच्या कडेचा बारीकसा उंचवटा, हे रिमच्या घडणीतच असावं लागतं, ते टेपने येत नाही. तो उंचवटा नसेल तर वळणावर जोर आला की कड आत सरकते आणि हवा भसकन निघून जाते.

हे तपासायला एक साधी युक्ती आहे. ट्यूब असतानाच हवा पूर्ण सोडायची आणि टायरची कड अंगठ्याने आत ढकलायची. नुसत्या अंगठ्याने सहज घसरली तर विचार करा. मित्राच्या सायकलची कड चांगली धरून होती, दोन्ही हातांनी जोर लावल्यावर टक् आवाज करत सुटली. बोट फिरवून बघितलं तर उंचवटाही जाणवत होता. म्हणजे रिम चालणार होती.

पहिला प्रयत्न

काम एका दुकानात दिलं. माणूस चांगला, हात चांगला, पण त्याच्याकडे जास्त काम रोडबाइकचं. इथे दोन निर्णय झाले आणि दोन्ही पुढे महागात पडले.

एक, जुनेच टायर ठेवायचे. दुकानदार म्हणाला, "टायर अजून चांगलाय साहेब, कशाला बदलताय, बसतो की नाही बघू." मित्रालाही पैसे वाचत होते, त्याने हो म्हटलं. दोन, टेप. दुकानात जी होती ती लावली, २१ मिलिमीटर रुंद. आता २९ इंची एमटीबी आणि ७०० सी रोडबाइक यांच्या रिमचा व्यास एकच, ६२२ मिलिमीटर, त्यामुळे टेप गोल फिरून नीट पुरली आणि वरून बघताना स्पोकची सगळी भोकं झाकलेली दिसत होती. दिसायला काम एकदम स्वच्छ.

टायर कॉम्प्रेसरने बसले, सीलंट टाकलं, मित्र चालवत घरी आला. संध्याकाळी फोन, "अरे बसले की, एकदम मस्त!" सकाळी दोन्ही चाकं जमिनीला टेकलेली.

इथे खरा निर्णयाचा क्षण आला आणि बहुतेक लोक इथेच फसतात असं मला वाटतं. दुकानातून सांगितलं की टायर पहिल्यांदाच ट्यूबलेस होतोय, मुरायला वेळ लागतो, अजून थोडं सीलंट टाका, चाक फिरवा, दोन दिवस चालवा. हे पूर्ण खोटं नाही, टायरच्या बाजूच्या भिंतीतून सुरुवातीला बारीक बुडबुडे येतात आणि चालवलं की ते बंद होतात. मित्राने सीलंट टाकलं. परत हवा गेली. परत टाकलं. मग एके दिवशी मागच्या चाकाच्या एका निपलपाशी (स्पोक रिमला जिथे आवळतात ती छोटी नळी) पांढरा थेंब सुकलेला दिसला, त्याचा फोटो त्याने मला पाठवला, आणि तो फोटो बघितल्यावर मी म्हटलं आता एक थेंबही ओतू नकोस, चाक काढून ठेव, मी येतो.

गळती शोधली कशी

घमेल्यात पाणी घेतलं, चाकात हवा भरली आणि चाकाचा एकेक भाग पाण्यात बुडवत फिरवत गेलो, पंक्चरवाला ट्यूब फिरवतो तसंच. बुडबुडे तीन ठिकाणी. टायरच्या भिंतीतून बारीक बारीक, व्हॉल्व्हच्या नटापाशी सतत, आणि चार-पाच निपलमधून थांबून थांबून.

निपलमधून हवा येते म्हणजे काय हे समजून घ्या. डबल वॉल रिम आतून पोकळ असते. टेपच्या कडेखालून हवा एकदा त्या पोकळीत शिरली की ती फिरत फिरत कुठल्याही निपलमधून किंवा व्हॉल्व्हच्या भोकातून बाहेर येते. त्यामुळे बुडबुडे ज्या निपलला दिसतात तिथेच टेप खराब आहे असं अजिबात नाही, फक्त एवढं नक्की की टेप कुठेतरी सुटलीये. आणि वरून ओतलेलं सीलंटही त्याच वाटेने पोकळीत जातं, तिथे ते काहीच बंद करत नाही, नुसतं साठतं आणि सुकतं. मित्राने घातलेलं निम्मं सीलंट तिथेच होतं, चाक कानाशी धरून हलवलं तर आत पातळ आवाज येत होता.

टायर उघडला. टेप मधल्या खोलगट भागात नीट चिकटलेली होती पण एका बाजूला ओट्यापर्यंत पोचलीच नव्हती. कड लांबच्या लांब उठलेली, खाली सीलंटमधलं पांढरं लॅटेक्स शिरून साय धरल्यासारखं झालेलं. नखाने ओढली तर अख्खी टेप सुळ्ळकन निघून हातात आली. व्हॉल्व्हपाशी टेपला ब्लेडने फुली मारून भोक केलेलं, त्या फुलीचा एक काप कडेपर्यंत फाटत गेलेला.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. रिम पुसताना आतल्या बाजूला कोरलेलं दिसलं, ६२२ x २५. पहिला आकडा व्यास, दुसरा आतली रुंदी. म्हणजे रिम आतून २५ मिलिमीटर रुंद, आणि तळ सपाट नसून मधे खोल असल्यामुळे टेपला ती खोली उतरून परत वर चढायचं असतं, म्हणून टेप आतल्या रुंदीपेक्षा दोन-चार मिलिमीटर जास्तच लागते. इथे २८ ची हवी होती आणि लागलेली २१ ची. मोजायला व्हर्नियर नको, अंदाज नको, उत्तर रिमवरच लिहिलेलं होतं, टायर काढून कोणी वाचलं नाही एवढंच.

दुसऱ्यांदा, घरी

यावेळी दुकानात न देता घरी करायचं ठरवलं. दुकानावर राग म्हणून नाही, पण टेप लावायच्या कामाला शांतपणे वेळ द्यावा लागतो आणि रविवारी गर्दीच्या दुकानात तेवढा वेळ कोणी देऊ शकत नाही.

आधी रिम साफ. सुकलेलं लॅटेक्स बोटाने चोळून काढलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कापडाने पुसली. हे बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं, बोर्ड साफ करायला वापरतात तेच. कापडावर काळं यायचं थांबेपर्यंत पुसायचं, आणि मग रिमच्या आत बोट लावायचं नाही, बोटाचा तेलकटपणा टेपला चालत नाही.

टेप ट्यूबलेसचीच घ्या. खाकी पॅकिंग टेप किंवा वायरिंगची काळी टेप लावून बघणारे लोक मला माहितीयेत, ओल्या सीलंटमध्ये त्यांचा गोंद टिकत नाही. सुरुवात व्हॉल्व्हच्या भोकापासून थोडी अलीकडे केली. एक जण चाक धरून, दुसरा टेप जोरात ताणून, वीतभर लावली की अंगठ्याने मधून कडेकडे दाबत, असं पूर्ण फिरून भोकाच्या पुढे वीतभर नेऊन तोडली, म्हणजे भोकावर दोन थर येतात. ताण महत्त्वाचा. ढिली लावली की खाली हवेच्या सुरकुत्या राहतात आणि नंतर तिथूनच उठते. व्हॉल्व्हचं भोक ब्लेडने न करता दाभण गॅसवर तापवून पाडलं, कड वितळून गोल राहते, पुढे फाटत जात नाही.

मग लगेच ट्यूबलेस न करता जुनी ट्यूब घालून, टायर चढवून, नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरून रात्रभर ठेवलं. याचे दोन फायदे आहेत. ट्यूब टेपला सगळीकडून दाबून बसवते, आणि टायरच्या दोन्ही कडा ओट्यावर बसतात, दुसऱ्या दिवशी एकच कड सोडवून ट्यूब काढायची, दुसरी जागेवरच राहते, म्हणजे निम्मं काम झालेलं. एवढ्या एका रात्रीसाठी घाई करू नका असं मी सगळ्यांना सांगतो.

टायर नवीन घेतले, ट्यूबलेस रेडी, घडी होणारे. जुने वायर बीडचे टायर वाईट नव्हते, पण त्यांची भिंत ट्यूबवर भरवसा ठेवून बनवलेली, हवा धरून ठेवायला नाही. या सगळ्यात मोठा खर्च हाच. बाकी टेप, व्हॉल्व्ह, सीलंट मिळून एका टायरच्या किमतीच्याही आत बसलं.

व्हॉल्व्हचा एक छोटा पेच होता. रिमचं भोक श्रेडरचं म्हणजे साडेआठ मिलिमीटर, आणि बाजारात सहज मिळणारे ट्यूबलेस व्हॉल्व्ह प्रेस्टाचे, म्हणजे बारीक नळीचे, साडेसहाच्या भोकासाठी. श्रेडरचे ट्यूबलेस व्हॉल्व्ह असतात पण तेव्हा मिळाले नाहीत. मोटरसायकलचा ट्यूबलेस व्हॉल्व्ह बसेल का असं मित्राने विचारलं, तर नाही, त्याला भोक याहून मोठं लागतं आणि त्यासाठी रिम ड्रिल करणं म्हणजे रिमचं वाटोळं. मग प्रेस्टाच घेतला, शंकूच्या आकाराच्या रबरी बुडाचा, आणि बाहेरून भोक भरून काढणारी छोटी रिंग. नट फक्त बोटांनी आवळला, पक्कड अजिबात नाही. का ते पुढे कळेल.

टायर बसवायला एकदम भरपूर हवा लागते. घरच्या फ्लोअर पंपाने साबणाचं पाणी लावून बघितलं, एका बाजूने येतंय येतंय म्हणेपर्यंत सुटायचं. पेट्रोल पंपावर गेलो तर तिथलं डिजिटल मशीन आधी टायरमधली हवा मोजतं, हवा शून्य दिसल्यावर ते भरायलाच तयार होईना. शेवटी रस्त्याकडेच्या टायरवाल्याकडे गेलो, साधा कॉम्प्रेसर आणि फिल्टर साफ करायची हवेची गन. "दादा, एक मिनिट गन देता का?" त्याने आधी चाकाकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि स्वतःच येऊन उभा राहिला. व्हॉल्व्हची पिन काढलेली, गनचं रबरी टोक थेट नळीवर दाबलं, एक सेकंद काही नाही, आणि मग टायर एकदम फुगला आणि टाक्, टाक्, दोन आवाज, दोन्ही कडा बसल्या. इथे एक जपायचं, कॉम्प्रेसरमध्ये शंभरच्या वर पीएसआय असतं, टायरवर लिहिलेल्या आकड्याच्या वर जायचं नाही आणि तोंड चाकावर आणायचं नाही.

गन काढल्यावर हवा जाते पण कडा बसलेल्याच राहतात. मग घरी येऊन सिरिंजने नळीतून प्रत्येक चाकात साधारण १०० मिली सीलंट, बाटली आधी चांगली हलवून, कारण त्यातले बारीक कण तळाशी बसतात आणि काट्याची भोकं तेच बुजवतात. पिन लावली, फ्लोअर पंपाने हवा भरली, चाक फिरवलं, मग बादलीवर आडवं ठेवलं, अर्धा तास एक बाजू, अर्धा तास दुसरी. भिंतीतून थोडे बुडबुडे आले आणि थांबले. निपल कोरडे. सकाळी दोन्ही चाकं जशीच्या तशी.

निकाल

हवा पुढे २२, मागे २५ पीएसआयने सुरुवात केली. मागच्या चाकाची रिम उतारावर एकदोनदा दगडाला वाजली म्हणून मागे २७ केली आणि तिथेच ठेवली. फ्लोअर पंपाचा काटा एवढ्या कमी हवेत भरवशाचा नसतो, छोटं डिजिटल गेज घेतलं. २७ आणि ४० मधला फरक मी इथे किती लिहू, एआरएआयच्या बाजूने उतरताना जिथे तो सायकलवरून उतरून चालायचा तिथे तो आता बसून जातो आणि मागचं चाक सरकत नाही. चिरांचा प्रश्न संपला, कारण चिरायला ट्यूबच नाही.

काटे अर्थातच लागतात. काटा दिसला तर उपटायचा, फुस्स होतं, भोक खाली येईल असं चाक फिरवून क्षणभर थांबायचं, पांढरा ठिपका येतो, चला पुढे. मागच्या टायरवर असे ठिपके मोजायचं त्याने सोडून दिलंय.

एकदा मात्र अडलं, आणि ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. डोणजेच्या पुढे कच्च्या रस्त्यावर धारदार दगडाने मागच्या टायरची भिंत कापली. सीलंटचा फवारा सुरू झाला, थांबेना. मित्राकडे मोटरसायकलची पंक्चर स्ट्रिप होती, ती जाड, सायकलच्या टायरच्या पातळ भिंतीत ती घुसवताना काप मोठाच झाला असता, म्हणून प्रयत्न केला नाही. ट्यूब टाकायचं ठरलं. व्हॉल्व्हचा नट बोटांनी आवळलेला होता म्हणून बोटांनीच सुटला, पक्कडने आवळला असता तर त्या उन्हात तिथेच बसावं लागलं असतं. पण ट्यूब घालायच्या आधी त्याने टायर आतून हाताने चाचपला, हळू, कापड घेऊन, आणि आतून काट्यांची टोकं निघाली, एक नाही, पुष्कळ. सीलंटमुळे इतके दिवस कळलंच नव्हतं की ती तिथे आहेत. ती न काढता ट्यूब घातली असती तर दहा पावलांत गेली असती. काप झालेल्या जागी आतून नोटेची घडी लावली, ट्यूब भरली, हवा जास्त ठेवून हळू घरी. हा टायर नंतर आतून पॅच लावून परत ट्यूबलेस केला आणि चालतोय.

उन्हाळ्याचंही सांगतो. सीलंट साधारण दोन ते सहा महिने टिकतं असं म्हणतात, पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सायकल गच्चीवर किंवा पत्र्याच्या पार्किंगमध्ये असेल तर सहा महिने विसरा. मित्राने मे महिन्यात पिन काढून आत काडी घातली तर कोरडी आली. टायरमध्ये रबराचा गोळा आणि बाकी पापुद्रे. आता उन्हाळ्यात दर दीड-दोन महिन्यांनी काडी घालून बघतो, ओली नाही आली तर ५०-६० मिली टाकतो, आणि सायकल घरात आणलीये.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातीलाच टायर काढून रिमवरचा आकडा वाचला असता तर पहिला प्रयत्न झालाच नसता, आणि तिथे गेलेलं सीलंट, टेप, मजुरी सगळं वाचलं असतं. दुकानात देतानाही आकडा कागदावर लिहून द्यायचा, रिम आतून २५, टेप २८, असं. मेकॅनिकला यात अपमान वाटत नाही, उलट सोपं जातं.

दोन्ही चाकं एकदम करायची घाई नको होती. आधी एकच करायचं, पुढचं, कारण पुढच्या चाकावर वजन कमी असतं आणि पकडीचा फायदा तिथेच जास्त कळतो. ते आठवडाभर टिकलं की मागचं. पहिल्या वेळी दोन्ही एकदम केल्याने दोन्हींची हवा एकदम गेली आणि सायकल दोन आठवडे बंद राहिली.

सर्वात मोठा मुद्दा माझ्या मते सीलंट ओतत राहण्याचा. हवा रात्रीत जात असेल तर आधी पाण्यात बघा. बुडबुडे टायरच्या भिंतीतून असतील तर सीलंट आणि दोन-चार फेऱ्या पुरतात. निपल किंवा व्हॉल्व्हपाशी असतील तर टेप काढावीच लागणार, त्यात मधला मार्ग नाही. मित्राने पहिल्याच सकाळी घमेलं काढलं असतं तर दोन आठवडे वाचले असते, आणि पोकळीत गेलेलं सीलंट काढायला सगळी रिम उलटी टांगून ठेवावी लागली तीही लागली नसती.

जुने टायर ठेवण्याबद्दल मी जरा नरम आहे. नीट टेप असती तर कदाचित ते चालून गेलेही असते, भिंतीतले बुडबुडे हळूहळू बंद होतात. पण टेप नवी, टायर जुना, व्हॉल्व्ह नवा अशा स्थितीत गळती लागली की दोष कोणाचा हे शोधण्यात दिवस जातात, त्यामुळे पैसे असतील तर टायरसकट करा.

आणि बॅगेत एक ट्यूब, टायर काढायचा लिव्हर, हातपंप, सायकलच्या मापाची बारीक स्ट्रिप, एवढं कायम हवं. ट्यूबलेस झालं म्हणून ट्यूब घरी ठेवून जाणारे टेकडीवर भेटतात, त्यांना ही डोणजेची गोष्ट सांगतो.

मित्राच्या मुलाची २६ इंची सायकलही ट्यूबलेस करायची का असा विषय निघाला होता. रिम सिंगल वॉल, आत उंचवटा नाही, अंगठ्याने कड सहज सरकली, आणि तो सायकल चालवतो शाळेच्या सुट्टीत, बाकी वर्षभर ती जिन्याखाली. सीलंट तिथे नुसतं सुकलं असतं. त्या सायकलच्या ट्यूबा फक्त जाड घेतल्या आणि पुढे काही केलं नाही.